दहावी रांग

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये विमान उभं राहिलं ते लाकडाचं. त्याला पंख नव्हते, चाकं नव्हती. सागाच्या चौकटीवर ठोकलेलं प्लायवूड, आत पंचवीस फूट लांबीची पोकळी, मधून एक अरुंद वाट आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटांच्या रांगा. एका टोकाला भिंत होती. दुसऱ्या टोकाला जमिनीपासून चार फूट उंचीवर दार आणि दारातून खाली उतरणारी फळ्यांची घसरगुंडी. खिडक्यांच्या जागी सुतारांनी निळ्या रंगाचे गोल काढले होते. एवढं मोठं खोटं काम साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आजवर झालं नव्हतं, असं ते सुतारच हसून सांगायचे.

जरिनानं आतलं माप तीनदा घेतलं. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत तीस इंच. तिन्ही वेळा तीसच भरलं.

कारखाना तसा एस.टी.च्या गाड्यांची बाकं करणारा. पण वर्षभरात मागणी आटली होती आणि कामगारांना आठवड्यातून तीनच दिवस काम होतं. अशात मालक आप्पासो मुंबईहून ही बातमी घेऊन आले. परदेशी जाणाऱ्या एका विमान कंपनीला नवा वर्ग काढायचा होता, पहिल्या वर्गाच्या खालचा आणि साध्याच्या वरचा. पूर्ण भाडं भरणाऱ्या व्यापारी लोकांना सवलतीच्या तिकीटवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं, म्हणून त्यांची कुरकुर होती. त्यांच्यासाठी पुढे रुंद सीटा, दोन इकडे, दोन तिकडे, मागे पडदा. या सीटांना लागणारी जागा कुठून तरी आणायला हवी होती. ती मागच्या लोकांकडून यायची होती. मागे तेहतीस इंचांवर नऊ रांगा बसत होत्या, त्या तीस इंचांवर दहा बसवायच्या. नकाशावर ते सहज जमत होतं.

फक्त एक नियम आडवा येत होता. शिट्टी वाजल्यापासून शेवटचा माणूस जमिनीवर पाय टेकेपर्यंत नव्वद सेकंदांच्या वर वेळ जाता कामा नये. विमानाला आग लागली तर तेवढाच वेळ मिळतो, असं कंपनीच्या साहेबांनी सांगितलं. खऱ्या विमानात ही परीक्षा घेण्याआधी लाकडी सांगाड्यात करून पाहायची होती. सुतारही इथे स्वस्त आणि बसायला माणसंही.

"जमलं तर सगळ्या सीटा आपल्याकडं," आप्पासोंनी सत्तर कामगारांना समोर उभं करून सांगितलं. "सहा दिवस काम. न्हाई जमलं तर मार्चअखेर मी शटर वढतो. खोटं कशाला बोलू?"

जरिना त्या सत्तरांत एकटी बाई होती. तिच्या वडिलांचं, शमशेरभाईंचं, सांगलीच्या स्टँडमागे ट्रक आणि जीपच्या गाद्या शिवायचं दुकान. काथ्याच्या ढिगावर बसून तिनं अभ्यास केला, पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली आणि वडिलांच्या ओळखीनं इथे तपासनीस म्हणून लागली. सीटवर वाळूची पोती रचायची, चौकट किती वाकते ते मिलिमीटरमध्ये लिहायचं, बोल्ट स्वतः पान्यानं आवळून बघायचे. दोन वर्षं तिच्या वहीत एकही आकडा खोडलेला नव्हता. शटर ओढलं गेलं तर तिला सांगलीला परतायचं होतं. तिथे इचलकरंजीचं एक स्थळ दिवाळीपासून उत्तराची वाट बघत होतं. घड्याळ धरायचं काम आप्पासोंनी तिलाच दिलं.

माणसं गोळा केली केरबांनी. केरबा फौजेतून हवालदार होऊन आलेले, साठीचे, डाव्या गुडघ्यानं अधू, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरचा. त्यांनी स्वतःला धरून वीस निवृत्त जवान आणले आणि जवळच्या करंजे भागातल्या आपल्या गल्लीतून बायका, म्हातारी माणसं मिळून चाळीस. त्यात हरणाबाई होत्या.

हरणाबाई केरबांच्या धाकट्या भावाची बायको. नवरा पासष्टच्या लढाईत गेला. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घराची पुढची खोली जरिनानं भाड्यानं घेतली होती, पण भाड्याचं नातं पहिल्या महिन्यातच संपलं. जरिना त्यांना मावशी म्हणायची. रमजानमध्ये पहाटे तिला उठवायचं काम मावशी करायच्या आणि "तुजा देव लय कडक गं बाये," म्हणत भाकरी थापून द्यायच्या. थोरल्या दिरापुढे मात्र त्या पदर ओढून भिंतीला चिकटून उभ्या राहत. तीस वर्षांत त्यांनी केरबांचं नाव उच्चारलं नव्हतं आणि त्यांच्याशी थेट बोलल्याही नव्हत्या. काही सांगायचं झालं तर म्हशीला सांगायच्या, ते केरबा ऐकायचे.

"मला न्हे की इमानात," असं त्यांनीच जरिनाला म्हटलं होतं. "घरधनी म्हनायचा, तुला एकदा इमानात बशिवतो. बसून आले म्हनून सांगीन समद्यांला. उडालं न्हाई, ह्ये कशाला सांगू?"

पहिल्या दिवशी साठ माणसं आत बसली. साहेबांनी वाटेत मुद्दाम घोंगड्या आणि पिशव्या टाकायला लावल्या, खऱ्या गोंधळात असतात तशा. जरिनानं शिट्टी फुंकली आणि घड्याळाचं बटण दाबलं.

आतून कुणीच आलं नाही.

दहा सेकंदांनी आवाज आला, "आवं, आदी म्हाताऱ्या मानसांस्नी उतरू द्या की!" मग एक आजोबा दारात आले, घसरगुंडीकडे बघून म्हणाले, "आमी बसून उतरायचं का उभ्यानं?" मागे बायका सीटखालच्या चपला शोधत होत्या. मधेच आकाराम नावाचा पैलवान घोंगडीत पाय अडकून वाटेत बसला आणि त्याच्यामागची सगळी रांग थांबली. दोघांनी त्याला बगलेत धरून उठवलं, तिसऱ्यानं गुडघा चोळला, एका बाईनं पाणी मागवलं. एवढं झाल्यावर सगळे पुढे सरकले.

दोन मिनिटं अकरा सेकंद.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "तो माणूस पडल्यावर मागचे का थांबले?"

"पडला म्हणून," जरिना म्हणाली.

"त्याला ओलांडून जायला हवं होतं."

"ते ओलांडत नाहीत, साहेब. माणसाला ओलांडणं वाईट समजतात. लहान मूल असलं तर त्याची वाढ खुंटते म्हणतात. मोठ्या माणसाला ओलांडलं तर त्याचं आयुष्य कमी होतं."

"तुम्ही सायन्सच्या आहात ना?"

"हो."

"मग शिकवा त्यांना. पाच दिवस आहेत."

तिनं शिकवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः तिसऱ्या रांगेजवळ वाटेत आडवी झाली आणि म्हणाली, "चला, एकेक जण माझ्यावरून."

कुणी हललं नाही. वर छताला सुतारांची पेन्सिलीची रेघ दिसत होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"पोरीच्या जातीला वलांडायचं व्हय?" एक म्हातारी म्हणाली. "उद्या हिचं लगीन ठरंना झालं तर आमच्या नावानं बोंब."

"आजी, ठरू नये म्हणूनच पडलेय," जरिना म्हणाली.

आत हशा पिकला. आकाराम म्हणाला, "मग मी आदी जातो, ताई. तुमच्यावर उपकार." पण तोही पाय उचलून तसाच परत मागे झाला.

अखेर हरणाबाई पुढे आल्या. "व्हा बाजूला. माजीच हाय ती," म्हणाल्या. नऊवारीचा ओचा वर खोचला, डोळे गच्च मिटले आणि जरिनाच्या पोटावरून पाय पलीकडे टाकला. टाळ्या पडल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून, येणाऱ्या दोघींना ढकलत परत आल्या, पुन्हा पाय उचलून उलट्या बाजूनं जरिनाला ओलांडलं आणि मोठा श्वास सोडला.

"हे काय, मावशी?"

"माघारी वलांडलं म्हंजी फिटतं. मग काय बाधत न्हाई."

"मावशी, परत यायचं नाही. परत येणारा माणूस मागच्यांना अडवतो. एक माणूस फिरला तर दहा सेकंद जातात. ओलांडायचं आणि सरळ बाहेर."

"आन् तुला काय झालं म्हंजी?"

"काही होत नाही. बघा, मी आहे ना इथे? दहा वेळा ओलांडा, काही होणार नाही."

हरणाबाईंनी खोचलेला ओचा खाली सोडला. "बरं," त्या म्हणाल्या. "तू शिकलेली हायस."

पाच दिवस जरिना त्या वाटेत पडून राहिली. तिच्यावरून साठ माणसं सकाळी गेली, साठ संध्याकाळी गेली. तिसऱ्या दिवसापासून कुणी खाली बघेनासं झालं. पावलं भराभर पडू लागली, घोंगडीवरून जातात तशी. संध्याकाळी चुलीवर फडकं तापवून मावशी तिच्या कमरेला शेक द्यायच्या आणि हळूच, तिला झोप लागली असं समजून, अंथरुणावरून एकदा उलट पाय टाकायच्या. जरिनाला ते कळायचं. ती डोळे उघडायची नाही.

चौथ्या दिवशी घड्याळात शहाण्णव सेकंद आले. शेवटच्या दिवशी सकाळी साहेबांनी नकाशा मांडीवर घेतला आणि बसण्याची जागा बदलली. चपळ जवान सगळे मागे, सातव्या ते दहाव्या रांगेत, म्हणजे मागून रेटा येईल. म्हातारे आणि बायका पुढे. केरबांना पाचव्या रांगेत वाटेकडेची सीट मिळाली, हरणाबाईंना त्यांच्या मागे, सहाव्या रांगेत. थोरल्या दिराच्या पाठीला आपले गुडघे लागतात म्हणून त्या अंग चोरून तिरक्या बसल्या. तीस इंचांत ते लागणारच होते.

"भावजींच्या म्होरं बशीव की गं मला," त्यांनी जरिनाला हळूच म्हटलं.

"मावशी, साहेबांनी नंबर लिहिलेत. एवढं आजचं."

शनिवार होता. सकाळचे अकरा. जरिना घसरगुंडीच्या खाली उभी राहिली, डाव्या हातात वही, उजव्या हातात घड्याळ. तिनं शिट्टी फुंकली.

या वेळी पहिला माणूस दुसऱ्या सेकंदाला दारात होता. मग माणसांची धारच लागली. फळ्यांवर धपाधप पाय आदळत होते. तिसाव्या सेकंदाला वीस माणसं खाली होती. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, पण धार तुटली नाही. साठाव्या सेकंदाला एक्केचाळीस. जवान घसरून उतरत होते, उठून बाजूला पळत होते. केरबांना दोघांनी उचलून घसरगुंडीवर सोडलं. शेवटचा जवान खाली आला, त्याच्या मागे दार रिकामं दिसलं आणि जरिनाचा अंगठा बटणावर दाबला गेला.

अठ्ठ्याऐंशी.

आप्पासोंनी दोन्ही हात वर केले. कामगारांनी शिट्ट्या मारल्या. साहेब हसले आणि त्यांनी स्वतः पुढे येऊन जरिनाशी हात मिळवला. तिला हसू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच या शेडमध्ये ती मोकळेपणानं हसली.

केरबा हसत नव्हते. ते लंगडत शेडच्या मधोमध आले आणि ओरडले, "तीन-तीनची लाईन! गिनती!"

सवयीनं जवान उभे राहिले, मग बायकाही. केरबा बोटानं मोजत गेले. टोकाला पोचले, थांबले आणि पुन्हा मोजत परत आले.

"एकोणसाठ," ते म्हणाले. "एक कमी हाय."

कोण कमी ते त्यांनी सांगितलं नाही. तीस वर्षं न घेतलेलं नाव त्यांनाही घेता येईना. ते सांगाड्याकडे वळले, तेव्हा जरिना धावली होती.

हरणाबाई तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या मधे होत्या. डोकं खाली सीटच्या लोखंडी पायाशी, मान वाकडी, पाय वाटेत. नऊवारीवर चपलांचे ठसे होते, एकावर एक. त्या शुद्धीत होत्या. डोळे उघडे होते आणि तोंडानं आवाज येत नव्हता.

काय झालं ते मागच्या जवानांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. केरबा तिसऱ्या रांगेजवळ पिशवीवरून घसरून वाटेत आडवे झाले. त्यांच्यामागे हरणाबाई होत्या. मागून रेटा होता. शिकवल्याप्रमाणे त्यांनी पाय उचलला आणि थोरल्या दिरावरून गेल्या. दारापर्यंत पोचल्या. दारातून त्या वळल्या.

"आमाला वाटलं, म्हातारी घाबरली," एक जवान म्हणाला. "मी वरडलो, मावशे, म्होरं व्हा. तर ती उलटीच आत घुसाय लागली. तवर हवालदारास्नी कुणी तरी उठवून म्होरं काढलं व्हतं. ती सीटांच्या मधी पडली. मग..."

"मग काय?"

"मग आमी गेलो. तुमी शिकवलं तसं."

त्यांना बाहेर काढायला माणसं आत शिरली, पण तिथे कुणाला वाकताच येईना. समोरच्या सीटची पाठ आणि मागच्या सीटची कड यांच्यात दहा इंच जागा. दहा इंचांत माणूस बसू शकतो, दुसऱ्याला उचलायला खाली वाकू शकत नाही. आकारामनं दोनदा प्रयत्न केला, त्याचे खांदेच आत जाईनात. वरून ओढायचं तर मान अशी वळलेली. शेवटी जरिनानं पाना आणला. तिनं स्वतः आवळलेले बोल्ट होते, एकेका सीटला सहा. उपडी पडून, गाल मावशीच्या खांद्याला लावून तिनं ते सोडवले. सीट उचलून मागे सरकवली, तेव्हा चौघांना वाकता आलं. दाराची फळी उपसून त्यावर त्यांना बाहेर आणलं. शेडच्या भिंतीवर घड्याळ होतं. शिट्टी अकराला झाली होती. आता अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. तिनं बघायचं ठरवलं नव्हतं, पण बघितलं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी मान दोन उशांत बांधली आणि मिरजेला न्या म्हणून सांगितलं. आप्पासोंनी जीप दिली. वाटभर केरबा पुढे ड्रायव्हरशेजारी ताठ बसले होते, एकदाही वळून बघितलं नाही. जरिना मागे फळीला हातांनी आधार देत बसली होती.

मिरजेच्या दवाखान्यात शमशेरभाई सांगलीहून आले, थर्मासमध्ये चहा घेऊन. मुलीकडून त्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदाच विचारलं, "गॅप कितना रखा था?"

"तीस इंच, अब्बा."

शमशेरभाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. "तीस इंचात माझा हात जात नाही, बेटा. मी ट्रकमध्ये कव्हर चढवतो, तेव्हा मधली सीट आधी बाहेर काढतो." मग त्यांच्या लक्षात आलं की हे बोलायला नको होतं, आणि ते कपात चहा ओतत बसले.

मान मोडली होती. फासळ्या तीन. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, जवळच्या माणसांना बोलवून घ्या. केरबा म्हणाले, "आमीच हाय."

दुसऱ्या दिवशी हरणाबाईंना आवाज फुटला. जरिना कान त्यांच्या तोंडाशी नेऊन बसली होती.

"भावजींला वलांडलं म्या," त्या म्हणाल्या.

"मावशी, त्यांना काही झालेलं नाही. बाहेरच बसलेत."

"माघारी चालले व्हते. पोचलेच न्हाई. अर्दंच ऱ्हायलं." डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं. "त्यांचं काय वाईट झालं तर माज्यामुळं. तुजं ऐकलं आन् बाहिर पडत व्हते. दारात आले आन् पायच हलंना."

काही होत नाही, हे जरिनानं पाच दिवस सांगितलं होतं.

ती बाहेर आली. केरबा व्हरांड्यात बाकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. ते तिच्याकडे बघत राहिले. तिनं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. केरबांनी टोपी घडी करून खिशात घातली.

दुपारी हरणाबाईंना मानेचा एक्स-रे काढायला खाली नेलं. अर्ध्या तासानं दोन वॉर्डबॉय त्यांना स्ट्रेचरवर घेऊन त्याच व्हरांड्यातून परत येऊ लागले, जरिना बाजूनं चालत होती. तेव्हा केरबा बाकावरून उठले, अधू पाय लांब करून खाली बसले आणि फरशीवर वाटेत आडवे झाले. भिंतीपासून कठड्यापर्यंत. हात अंगाला लावून, नजर वर.

"ए आजोबा! उठा!" पुढचा वॉर्डबॉय ओरडला. "प्यालाय का काय? पेशंट हाय इथं!"

केरबा हलले नाहीत. "न्या वरनं," ते म्हणाले.

"अहो, येडं का खुळं?"

आजूबाजूचे नातेवाईक उठून बघू लागले. शमशेरभाई केरबांना उठवायला पुढे झाले, तेव्हा जरिनानं वडिलांचा हात धरला.

"न्या," ती वॉर्डबॉयला म्हणाली. "वरून न्या. पाय उंच उचला. सावकाश. मी धरते एका बाजूनं."

तिच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी वाद घातला नाही. पुढच्यानं पाय उचलून केरबांच्या छातीवरून पलीकडे टाकला. स्ट्रेचर त्यांच्यावरून गेलं, हातभर उंचीवरून. मग जरिनानं पाय उचलला. मग मागच्यानं.

"मावशी," जरिना स्ट्रेचरवर वाकून म्हणाली, "माघारी झालं."

हरणाबाईंना मान वळवता येत नव्हती. "भावजी खाली हायत?"

"आहेत."

"पाय न्हाई न्हवं लागला त्यास्नी?"

"नाही. कुणाचाच नाही लागला."

मागे फरशीवरून केरबांचा आवाज आला, मोठा, कुणा भलत्यालाच सांगावं तसा, "फिटलं म्हनावं!"

हरणाबाईंनी डोळे मिटले. मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास त्या गेल्या.

नऊ वाजता आप्पासो आले. त्यांनी केरबांच्या पाया पडून दोन्ही हात धरले आणि खरोखर रडले. पुढचं सगळं मी करतो, गाडी, लाकडं, काही बघू नका, म्हणाले. मग जरिनाला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले आणि पाकिटातून कागद काढला.

कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. दहा रांगा, तीस इंच. बसलेली माणसं एकोणसाठ. वेळ अठ्ठ्याऐंशी सेकंद. एक स्त्री प्रकृतीच्या कारणानं प्रयोगात धरलेली नाही. खाली रेघ, वेळ घेणाऱ्याच्या सहीसाठी.

"साहेब आज रातच्या गाडीनं चाललेत," आप्पासो म्हणाले. "मला ह्ये बोलायला लाज वाटती, जरिना. पर सत्तर घरं हायत. त्यातली बारा तर मावशींच्या गल्लीतली. गेलेली बाई काय परत येणार न्हाई."

जरिनानं कागद कठड्यावर ठेवला. सही केली तर काय होईल ते तिला पूर्ण माहीत होतं. नाही केली तर काय होईल तेही. तिनं पेन उघडलं. एकोणसाठवर आडवी रेघ मारून वर साठ लिहिलं. प्रकृतीची ओळ खोडली. अठ्ठ्याऐंशी सेकंद खोडलं आणि शेजारी आपल्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं, बारा मिनिटं. मग खाली सही केली, पूर्ण नाव, तारीख.

आप्पासोंनी तो कागद वाचला. चिडले नाहीत. फक्त थकल्यासारखे दिसले. त्यांनी घडी घातली, एकदा, दोनदा.

"मला तुजी सही पायजे होती गं," ते म्हणाले. "ह्यो आकडा घेऊन मी काय करू?" मग म्हणाले, "साहेबांस्नी थांबवतो तीन दिवस. शुक्रवारी परत घेतो. घड्याळ धरायला दुसरा कोन तरी बघतो. तू आता सांगलीलाच जातीस न्हवं?"

"हो."

"हवालदार काय मानसं देनार न्हाईत."

"दुसरे देतील," जरिना म्हणाली. लोक आता शिकलेले होते. तिनंच शिकवलं होतं. शुक्रवारी ते नव्वदच्या आत येणार, कदाचित पंच्याऐंशीच्याही आत.

तिनं पिशवीतून कारखान्याचं घड्याळ काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. काटा अठ्ठ्याऐंशीवरच होता. मग पाना काढला, तोही दिला. आप्पासो जायला निघाले, चार पावलं गेले, तेव्हा तिनं हाक मारली.

"तिसऱ्या आणि चौथ्या रांगेचे बोल्ट मी काढलेत. तिथेच खाली पडलेत, सीट नुसती ठेवलीय. बसवून घ्या, नाहीतर सीट सरकेल."

आप्पासोंनी मान हलवली. "जुन्याच भोकांत ना?"

आत केरबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते, पहिल्यांदाच इतक्या जवळ. तोंडावरचा पदर सारखा करायला बाईमाणूस हवं होतं आणि ते दाराकडे बघत तिची वाट पाहत होते.

"जुन्याच भोकांत," जरिना म्हणाली. "तीस इंचांवर." आणि ती आत गेली.